हौशी फोटोग्राफरांनी एकमेकांच्या फोटोंवर कसं बोलावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वीस-पंचवीस हौशी फोटोग्राफरांचा ग्रुप आहे, महिन्यातून एकदा भेटता, अधूनमधून एकत्र फोटो काढायला जाता. पण कुणी फोटो दाखवला की एकतर ‘मस्त’, ‘कडक’, ‘एक नंबर’ एवढंच ऐकू येतं, नाहीतर एखादा जण असं काही बोलतो की दाखवणारा पुन्हा तोंड उघडत नाही. दोन्हीतून कुणी काही शिकत नाही. मग बोलायचं काय, आणि ऐकायचं कसं?

मी बरीच वर्षं अशा बैठका घेत आलोय, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो. फोटो काढणाऱ्याला स्वतःचा फोटो नीट दिसत नाही. त्याला ती सकाळ दिसते, अंधारात केलेली चढण आठवते, समोरचा माणूस काय बोलला ते आठवतं. हे सगळं त्याच्या डोक्यात असतं आणि फोटोकडे बघताना ते आपोआप फोटोत मिसळतं. जो तिथे नव्हता त्याला मात्र फक्त चौकटीतलं दिसतं. दुसऱ्याच्या फोटोवर बोलताना तुमच्याकडे जी मोलाची गोष्ट असते ती हीच, तिथे नसलेल्या माणसाची नजर. फोटो काढणाऱ्याला ती स्वतःहून कधीच मिळू शकत नाही. आधी ती त्याला द्या. चूक-बरोबर, सल्ला, सेटिंग हे सगळं नंतर.

एक उदाहरण घेऊ. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते तेव्हा दिवे घाटाच्या वळणावळणावर कॅमेरे असतात. समजा तुमच्यातल्या एकाने डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एका आजींचा फोटो आणला. चढ संपत आलाय, आजी दमल्यात, तरी चेहऱ्यावर हलकंसं हसू आहे. ते हसू बघून त्याने बटण दाबलं, आणि त्याच्या लेखी तो फोटो म्हणजे ते हसूच. आता समोर बसलेली एक मैत्रीण म्हणते, “मला सगळ्यात आधी मागचा पाण्याच्या बाटल्यांच्या जाहिरातीचा बॅनर दिसला. मग उजवीकडचा मोबाइल धरलेला हात. आजींपर्यंत मी सगळ्यात शेवटी पोचले.” एवढंच बोलून ती थांबते. ही टीका नाही आणि कौतुकही नाही. पण तिथे बॅनर होता हेच त्या माणसाला आत्ता कळतंय, कारण त्या क्षणी त्याचं सगळं लक्ष चेहऱ्यावर होतं. पुढच्या वेळी तो दोन पावलं डावीकडे सरकेल, किंवा खाली बसून मागे नुसतं आकाश घेईल, किंवा तो हात बाजूला होईपर्यंत थांबेल. यातलं काय करायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या. तिथली जागा, गर्दी, उजेड त्याने पाहिलाय.

आपल्याकडे यात एक वेगळी अडचण असते. वारीच्या फोटोला ‘माउली माउली’, रायगडाच्या फोटोला ‘जय शिवराय’, विसर्जनाच्या फोटोला ‘मोरया’ अशी दाद येते. ती अगदी मनापासून असते, पण ती विषयाला असते. त्याच जागी उभं राहून दुसऱ्या कुणीही फोटो काढला असता तरी तीच दाद मिळाली असती. फोटो काढणाऱ्याने ती आनंदाने घ्यावी, मात्र आपल्या फोटोचा निकाल म्हणून घेऊ नये. आणि बोलणाऱ्याने तोंड उघडण्याआधी स्वतःला विचारावं, मला कोकणकडा आवडलाय की कोकणकड्याचा हा फोटो? कासचं पठार फुलांनी भरलं की सुंदरच दिसतं, त्यासाठी फोटोग्राफर लागत नाही. त्या सुंदर जागेत या माणसाने कुठे उभं राहायचं ठरवलं, काय आत घेतलं, काय बाहेर ठेवलं, कधीपर्यंत थांबला, हे त्याचं काम. बोलायचं त्याबद्दल.

बैठकीला काहीतरी क्रम असावा. अमेरिकेतल्या नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये कलाकृतीवर प्रतिसाद देण्याची चार टप्प्यांची पद्धत तयार केली. आधी बघणाऱ्यांनी आपल्याला काय जाणवलं, काय लक्षात राहिलं ते सांगायचं. मग कलाकाराने त्याला पडलेले प्रश्न विचारायचे. मग बघणाऱ्यांनी तटस्थ प्रश्न विचारायचे. आणि शेवटी, कलाकाराची तयारी असेल तरच, मत द्यायचं. पद्धत नृत्यासाठी तयार झाली असली तरी फोटोंना ती छान लागू पडते. मी त्यात एक भर घालतो. पहिला टप्पा संपेपर्यंत फोटो काढणाऱ्याने एक शब्दही बोलायचा नाही. शीर्षक नाही, ठिकाण नाही, लेन्स कोणती तेही नाही.

यावर बरेच जण म्हणतात की आधी फोटोग्राफरला काय दाखवायचं होतं ते विचारायला हवं, हेतू कळल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. मला ते पटत नाही. ‘मला आजींचा एकटेपणा दाखवायचा होता’ असं आधी ऐकलं की प्रत्येकजण फोटोत एकटेपणा शोधायला लागतो, आणि शोधणाऱ्याला तो सापडतोच. तिथे नसलेल्या माणसाची नजर तिथेच वाया जाते, आणि एकदा गेली की परत मिळत नाही. म्हणून हेतू जरूर विचारा, पण बघणाऱ्यांचं वर्णन झाल्यानंतर. मग दोन्ही शेजारी ठेवता येतात. त्याला एकटेपणा दाखवायचा होता आणि पाचपैकी चौघांना गर्दीचा उत्साह दिसला, तर दोन्हींत अंतर कशामुळे पडलं यावर खरी चर्चा सुरू होते.

तटस्थ प्रश्न विचारायला सराव लागतो. “एवढं अंधारं का ठेवलंय?” यात शेरा दडलेला आहे. ऐकणारा लगेच बचावाला लागतो. “चेहऱ्याची डावी बाजू काळोखात ठेवली तेव्हा मनात काय होतं?” असं विचारलं तर माणूस विचार करतो. कदाचित उत्तर येईल, “काहीच नव्हतं, तशी आली.” तेही उपयोगी आहे. पुढच्या वेळी ती बाजू काळोखात गेलेली त्याला कॅमेऱ्यातच दिसेल आणि ठेवायची की नाही ते तो ठरवेल.

आता तांत्रिक बाजू. हौशी मंडळींना सगळ्यात जास्त मदत इथे होऊ शकते, आणि सगळ्यात ढिसाळ बोलणंही इथेच होतं. ‘शार्प नाही’ हा नेहमीचा शेरा घ्या. फोटो अस्पष्ट येण्याची निदान तीन वेगळी कारणं असतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे. त्यामुळे नुसतं ‘शार्प नाही’ म्हणून काहीच हाती लागत नाही. मूळ फाइल मोठी करून बघा. विषय मऊ आहे, पण त्याच्या पुढची गवताची काडी किंवा मागची भिंत अगदी स्वच्छ आहे, म्हणजे फोकस चुकलाय. फ्रेममधलं सगळंच एका दिशेने फराटल्यासारखं दिसतंय, म्हणजे कॅमेरा हलला. खांब, जमीन, उभी माणसं स्वच्छ आहेत आणि फक्त ढोल वाजवणाऱ्याचे हात पुसट आहेत, म्हणजे विषयाच्या वेगाला शटरचा वेग पुरला नाही.

पहिल्याला सांगा, कॅमेऱ्यावर न सोडता फोकस पॉइंट स्वतः निवड आणि डोळ्यावर ठेव. दुसऱ्याला तो जुना ठोकताळा सांगा की कॅमेरा हातात धरून काढताना शटरचा वेग निदान फोकल लेंग्थएवढा (लेन्सच्या मिलिमीटरांच्या आकड्याएवढा) तरी हवा. २०० मिलिमीटरला १/२०० सेकंद, आणि क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा, कॅमेरा असेल तर १/३०० च्या आसपास. तिसऱ्याला हे आवर्जून सांगा की स्टॅबिलायझेशनने त्याचा प्रश्न सुटणार नाही, कारण ते फक्त फोटोग्राफरचा हात सावरतं, ढोलवाल्याचा नाही. तिथे १/५०० किंवा त्याहून वेगवान शटर लागेल आणि त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) वाढवावा लागेल. लांबच्या पक्ष्यांच्या फोटोंत आणखी एक कारण असतं, उन्हाने तापलेल्या हवेची थरथर. भर दुपारी पाण्यापलीकडचा पक्षी कितीही महागड्या लेन्सने काढला तरी तो विरघळल्यासारखा येतो. यावर सेटिंग नाही. सकाळी लवकर जाणं किंवा अंतर कमी करणं, एवढेच मार्ग. आणि हो, ढोलवाल्याचे पुसट हात हाच कधीकधी फोटोचा जीव असतो. तसं वाटलं तर तसंच सांगा, ‘चूक’ म्हणून त्याच्या गळ्यात मारू नका.

एक्स्पोजरचंही, म्हणजे फोटोत किती उजेड घेतला याचंही, तसंच. गडद पाण्यावर उभ्या असलेल्या पांढऱ्या बगळ्याची पिसं जळाली आहेत, नुसता पांढरा डाग दिसतोय. इथे ‘ओव्हरएक्स्पोज झालाय’ एवढंच म्हणून थांबू नका, असं का झालं ते सांगा. कॅमेरा फ्रेमची सरासरी मध्यम करड्या रंगाकडे नेतो. फ्रेममध्ये गडद पाणी जास्त होतं, म्हणून त्याने सगळं उजळ केलं आणि बगळा त्यात गेला. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड आपण कमी-जास्त करायची सोय) उणे एक केलं असतं तर पिसं वाचली असती. उलट उजळ आकाशासमोर तारेवर बसलेला काळा कोतवाल पक्षी नुसती सावली होतो, तिथे अधिक करायचं. हे एकदा कारणासकट कळलं की त्या माणसाला बगळ्यासाठी वेगळा आणि कोतवालासाठी वेगळा नियम पाठ करावा लागत नाही.

पण एका फोटोवर एकच सूचना. दोन फार तर. फोटोत सात गोष्टी खटकत असल्या तरी जी सुधारल्यावर सगळ्यात जास्त फरक पडेल आणि जी तो माणूस पुढच्याच रविवारी करून बघू शकेल, ती निवडा. सात गोष्टी ऐकून घरी गेलेला माणूस एकही करत नाही. काय सांगायचं हे निवडण्यातच बोलणाऱ्याचा अनुभव दिसतो.

कौतुकाबद्दल मला जास्त कळकळीने सांगायचंय. नेमकी टीका करायला लोक शिकतात, नेमकं कौतुक करायला शिकत नाहीत, आणि माझ्या अनुभवात हौशी फोटोग्राफर वाढतो तो मुख्यतः नेमक्या कौतुकावर. त्याचा एखादा फोटो जमतो, पण का जमला हे त्याला माहीत नसतं. ‘लाइट मस्त आलाय’ म्हटलंत तर त्याला आनंद होईल आणि विषय तिथेच संपेल. “खिडकीतला उजेड फक्त चुलीच्या धुरावर आणि भाकरी थापणाऱ्या हातांवर पडलाय, बाकी स्वयंपाकघर काळोखात आहे, म्हणून नजर हातांवरून हलत नाही,” असं म्हटलंत तर त्याच्या हाती काहीतरी लागलं. पुढच्या वेळी कुठल्याही घरात शिरल्यावर तो आधी बघेल की उजेड कुठून येतोय आणि कुठे पडतोय. बैठकीत कौतुक हे कडू औषधाआधीची साखर म्हणून वापरू नका. लोकांना ते लगेच कळतं आणि मग ते कौतुक ऐकतच नाहीत, फक्त ‘पण’ कधी येतोय याची वाट बघतात.

फोटो कशावर बघताय याचंही भान हवं. फोनवर दोन-चार हातांतून फिरून आलेला फोटो दाबला गेलेला असतो. त्याच्या नॉइजवर (दाणेदारपणावर) किंवा बारकाव्यांवर बोलण्यात अर्थ नाही. साधा प्रोजेक्टर असेल आणि खोलीत उजेड येत असेल तर सावल्या धुऊन निघतात, रंगही सरकतात. मग पडद्यावर बघून ‘ब्लॅक नीट आलेले नाहीत’ म्हणणं हा त्या फोटोवर अन्याय आहे. जमेल तेव्हा ८ बाय १२ इंची प्रिंट घेऊन या. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी यांचा तिच्याशी संबंध होता. तेव्हापासून आपल्याकडे फोटो समोर ठेवून माणसं एकत्र बसतायत. प्रिंट हातातून हातात जाते, प्रत्येकजण तिच्यावर थोडा वेळ तरी थांबतो. शिवाय काळ्या पुठ्ठ्याच्या दोन एल आकाराच्या पट्ट्या करून घ्या. त्या प्रिंटवर सरकवल्या की क्रॉप कसा बदलता येईल ते सगळ्यांना एकदम दिसतं, वाद घालावा लागत नाही, आणि पट्ट्या उचलल्या की मूळ फोटो जसाच्या तसा. दुसऱ्याचा फोटो परस्पर स्वतःच्या फोनवर घेऊन, क्रॉप करून, रंग चढवून ‘हा बघ, असा हवा होता’ म्हणून परत पाठवण्याची जी सवय लोकांना असते, ती मात्र बंद करा. विचारून केलं तर हरकत नाही. न विचारता केलं तर समोरच्याला वाटतं की त्याचा फोटो त्याच्याकडून काढून घेतला.

‘रूल ऑफ थर्ड्स पाळला नाही’ हा शेरा तर प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. चौकटीचे उभे-आडवे तीन समान भाग करून विषय मधोमध न ठेवता त्या रेघांवर ठेवायचा, असा तो नियम. हा नियम १७९७ मध्ये जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने लिहून ठेवला, तो निसर्गचित्रातल्या उजेड-अंधाराच्या आणि जमीन-आकाशाच्या वाटणीबद्दल बोलताना. कॅमेरा यायच्या आधीची गोष्ट आहे ती. नवशिक्याला सगळं मधोमध ठेवायची सवय असते, ती मोडायला हा नियम बरा. पण कार्ल्याच्या चैत्यगृहात दोन्ही बाजूंच्या खांबांच्या रांगा नजर थेट स्तूपाकडे नेतात. तिथे स्तूप एक तृतीयांशावर सरकवला तर त्या वास्तूची रचनाच मोडते. म्हणून नियमाचं नाव घेऊ नका. मधोमध ठेवल्याने या फोटोत काय होतंय ते सांगा. डोक्यातून विजेचा खांब उगवल्यासारखा दिसतोय, क्षितिज उजवीकडे कललंय, पक्ष्याला पुढे जायला जागा नाही, असं जे डोळ्याला दिसतं ते बोला.

‘कोणती लेन्स?’ हा पहिला प्रश्न नसावा, आणि ‘आता फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा महाग कॅमेरा) घे’ हा सल्ला नसावा. कॅमेऱ्यासोबत मिळालेली साधी किट लेन्स वापरणाऱ्या मुलाला असं म्हटलंत तर तुम्ही त्याच्या खिशाबद्दल बोललात, फोटोबद्दल नाही. बस.

ग्रुप ज्याची वाहवा करतो ते पुढच्या रविवारी वाढतं, आणि बोलणाऱ्यांवर ही मोठी जबाबदारी असते. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या फुगवट्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. थवा उडतानाचा फोटो आला की सगळे तुटून पडतात. पण तो थवा आपणहून उडाला की बोट अंगावर नेऊन उडवला? ग्रुपने विचारलंच नाही, तर पुढच्या वेळी नावाड्याला ‘अजून जवळ घ्या’ म्हणणारे वाढतात. घरट्याचे, पिल्लांना भरवतानाचे फोटोही तसेच. फांद्या बाजूला केल्या की घरटं कावळ्यांना आणि शिकऱ्यासारख्या शिकारी पक्ष्यांनाही दिसायला लागतं. असा फोटो आला तर त्याच्या शार्पनेसवर चर्चा करूच नका, तो कसा काढला हे विचारा. जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांचे फोटो काढायला लोक जातात. झाड झगमगून गेलेलं दिसतं तो फोटो बहुतेक वेळा अनेक एक्स्पोजर एकावर एक रचून केलेला असतो. त्यात गैर काही नाही, पण ते सांगितलं पाहिजे, नाहीतर नवीन माणूस एका एक्स्पोजरमध्ये ते मिळवायला बघतो, मिळत नाही, आणि टॉर्च लावून काजव्यांच्या मागे जंगलात शिरतो. काजवे एकमेकांना उजेडानेच खुणावतात, टॉर्चच्या प्रकाशात त्यांचं ते बोलणंच तुटतं.

माणसांच्या फोटोंबाबत मी एकच प्रश्न विचारतो, “हा फोटो त्यांना नेऊन दाखवलास तर चालेल का?” रस्त्यावर झोपलेला माणूस, सिग्नलवरचं मूल, नदीत अंघोळ करणाऱ्या वारकरी बायका. उत्तर द्यायला फोटोग्राफर अडखळला तर तो फोटो ग्रुपमध्ये फिरू नये असं मला वाटतं. मात्र हे सगळ्यांसमोर सुनावू नका, बाजूला घेऊन सांगा. तंत्र चारचौघांत बोलावं, वागणुकीबद्दलचं आधी एकट्याला सांगावं.

आता ऐकणाऱ्याची बाजू. ही जास्त अवघड आहे. फोटो दाखवताना खुलासा करायचा मोह आवरा. ‘तिथे खूप गर्दी होती’, ‘पोलीस पुढे जाऊ देत नव्हते’, ‘उजेड गेला होता’ हे खरं असेल, पण फोटोसोबत तुम्ही दरवेळी जाणार नाही. ऐकलेलं लिहून घ्या, शक्यतो समोरच्याच्या शब्दांत. ‘बॅकग्राउंड वाईट’ असं तुमच्या भाषेत टिपलंत तर आठवड्याने काहीच कळणार नाही. ‘बॅनर आधी दिसला, आजी शेवटी’ असं टिपलंत तर कळेल. आणि त्याच दिवशी काही ठरवू नका. चार-पाच दिवसांनी वही आणि फोटो शेजारी ठेवून बघा. काही गोष्टी तेव्हा लख्ख दिसतात, काही चक्क चुकीच्या वाटतात.

बघणारे बहुतेक वेळा जागा बरोबर सांगतात आणि उपाय चुकीचा सांगतात. हे लक्षात ठेवलंत तर अर्धा त्रास वाचेल. तिघांनी म्हटलं की फोटोच्या उजव्या बाजूला काहीतरी खटकतंय. एक म्हणाला क्रॉप कर, दुसरा म्हणाला अंधारं कर, तिसरा म्हणाला ब्लॅक अँड व्हाइट कर. तिन्ही उपाय सोडून द्या, पण उजव्या बाजूला काहीतरी आहे हे मात्र धरून ठेवा. कदाचित खरा उपाय हा की तो फोटो मुळात दुसऱ्या जागेवरून काढायला हवा होता. आणि एखादं मत अजिबात पटलं नाही तर ‘धन्यवाद’ म्हणून सोडून द्या. फोटो तुमचा आहे, मतदानाने ठरायचा नाही.

एकच निवडक फोटो आणण्याऐवजी कधीतरी त्याच्या मागचे-पुढचे दहाबारा फोटो क्रमाने आणा. हौशी लोक बऱ्याचदा चांगला फोटो काढतात आणि चुकीचा निवडतात. ज्यासाठी सगळ्यात जास्त कष्ट पडले तो आपल्याला सगळ्यात चांगला वाटतो, बघणाऱ्याला ते कष्ट दिसत नसतात. त्या क्रमावरून आणखी एक कळतं. तुम्ही एकाच जागी उभे राहून बारा वेळा बटण दाबलंत, की हलत होतात, वाकत होतात, वाट बघत होतात? एका फोटोवरून हे कुणालाच सांगता येत नाही. तुम्हाला एखादी नेमकी शंका असेल, उदाहरणार्थ ‘उजव्या कोपऱ्यातला मुलगा हवा की नको’, तर ती जरूर विचारा, फक्त लोकांचं पहिलं वर्णन झाल्यावर. आधी विचारलीत की सगळे त्या मुलाकडेच बघणार. आणि फोटोग्राफीतलं काही न कळणाऱ्या माणसालाही दाखवा. आईला, शेजारच्या काकांना, ऑफिसातल्या शिपायाला. ‘कसा आहे?’ न विचारता ‘यात काय चाललंय?’ एवढंच विचारा. त्यांच्या उत्तरात हिस्टोग्राम वगैरे तांत्रिक काही नसतं, पण तुमचा फोटो काय बोलतोय ते असतं.

आपल्या ग्रुपांत वयाचा आणि अनुभवाचा मान असतो, आणि तो असावाही. पण ‘सरां’च्या फोटोवर बावीस वर्षांची मुलगी काय बोलणार? ती ‘सुंदर सर’ म्हणते आणि गप्प बसते. याला दोन साधे उपाय आहेत. बैठकीत पहिला फोटो सगळ्यात अनुभवी माणसाचा ठेवा, आणि बोलायला सुरुवात सगळ्यात नवीन सदस्याने करावी. ज्येष्ठांनी शेवटी बोलावं. ज्येष्ठ आधी बोलले की बाकीचे फक्त री ओढतात. पहिल्या टप्प्यात मत द्यायचंच नसतं, फक्त काय दिसलं ते सांगायचं असतं, त्यामुळे नवीन माणसालाही धीर येतो. तिला अपर्चर कळत नसेल, पण तिच्या नजरेला काय दिसलं यावर तिच्याइतका अधिकार कुणाचाच नाही. उलट बाजूने, बाई दिसली की न विचारता तिला कॅमेऱ्याची बटणं समजावून सांगायला धावणारे काही असतात. त्यांना थांबवणं हे बैठक चालवणाऱ्याचं काम आहे, तिचं नाही.

स्पर्धा आणि सलोन (परीक्षकांनी फोटो निवडून भरवलेली प्रदर्शनं) यांच्या गुणांना प्रतिसाद समजू नका. तिथे शेकडो फोटो ओळीने जातात आणि परीक्षक एकेका फोटोला काही सेकंद देऊन आकडा टाकतात. फोटो निवडला गेला नाही एवढंच त्यातून कळतं, का नाही ते कळत नाही. स्पर्धेत जरूर भाग घ्या, पण तिथून आलेल्या नकारावर महिनाभर झुरत बसण्यापेक्षा तोच फोटो बैठकीत ठेवा.

तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की एका मित्राच्या फोटोंवर कुणीतरी ‘डिलीट कर’ असं म्हणालं आणि तेव्हापासून तो येत नाही. त्याला ग्रुपमध्ये जाहीर बोलावणं पाठवू नका, त्याने तो आणखी अवघडेल. ज्याने ते म्हटलं त्याच्याशी वेगळं बोला आणि त्याला विचारा की त्या फोटोत नेमकं कुठे काय खटकलं होतं. बहुतेकदा त्याच्याकडे काहीतरी ठोस असतं, फक्त ते बोलायचे कष्ट त्याने घेतलेले नसतात. ते त्याच्याकडून काढून घ्या. मग मित्राच्या घरी एकट्याने जा, किंवा फार तर आणखी एका सदस्याला सोबत न्या, आणि तोच फोटो मूळ फाइलमध्ये, त्या दिवशीच्या बाकीच्या फ्रेमसकट उघडायला सांगा. आधी तुम्हाला काय दिसतंय ते बोला. मग त्याला विचारा की तिथे काय होतं, कशासाठी थांबला होता. त्या ओळीत दुसरी एखादी फ्रेम जास्त चांगली असेल तर त्याला ती स्वतः सापडेपर्यंत गप्प राहा. आणि निघताना पुढच्या रविवारी कुठे जायचं ते त्याच्याकडूनच ठरवून घ्या.